कान सरावतात, पण सावरत नाहीत

हातकणंगले तालुक्यातील इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून या गावाला खडखडाटाची सोबत आहे. नवख्या माणसाला कारखान्याच्या दारातच थोपवणाऱ्या त्या आवाजात मागवाला शांतपणे तुटलेला धागा जोडत असतो. विचारावे तर उत्तर ठरलेले : ‘सवय झालीया.’

ही सवय म्हणजे नेमके काय, याचा विचार आता कारखान्यापुरता राहिलेला नाही. तोच कामगार रात्री विसर्जन मिरवणुकीत ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे उभा असतो.

उद्दीपनाची तीव्रता आणि मनाला होणारी तिची जाणीव समप्रमाणात वाढत नाहीत, हे वेबर व फेश्नर या जर्मन शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले. अंधाऱ्या देवघरात एक निरांजन लावले की उजेड पडतो. शंभर दिव्यांत तेच ठेवले तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. कानाचेही तसेच. एका मागाशेजारी तसाच दुसरा सुरू केला, तर आवाज जेमतेम 3 डेसिबलने चढतो. 10 डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट. कानाला मात्र ती सुमारे दुप्पटच भासते. पानांच्या सळसळीपासून मेघगर्जनेपर्यंत सारे एकाच इंद्रियाने पेलावे, म्हणून निसर्गाने केलेली ही सोय.

परंतु जाणीव आवरती घेतली तरी आत शिरणारी ऊर्जा कमी होत नाही. खिडकीच्या काचेला थरथरण्याची सवय होत नाही. अंतर्कर्णातील केसपेशींनाही ती होत नाही. एका कानात त्या सुमारे पंधरा हजार. मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. मोठ्या आवाजाला आवर घालणारा एक इवलासा स्नायू मध्यकर्णात आहे. पण अचानक झालेल्या दणक्याला तो उशिरा पोहोचतो आणि सततच्या गोंगाटात थकतो. प्रथम बळी जातात ते उच्च स्वर. माणसाला आवाज ऐकू येतो, पण स, श, थ ही अक्षरे निसटतात. घरच्यांचे बोलणे कानी पडते आणि कळत नाही. ज्याला आपण ‘सवय’ म्हणतो, तिच्यात या बहिरेपणाचा वाटा किती, हे मागवाल्याच्या पत्नीला विचारावे!

कारखान्यासाठी 90 डेसिबलला आठ तासांची मर्यादा आहे. पाळी मात्र अनेक ठिकाणी बारा तासांची. निवासी भागासाठी 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ठरवले. मिरवणुकीतील भिंतीसमोर 110 डेसिबल धरले, तर दिवसाच्या मर्यादेपेक्षा ही तीव्रता तीन लाखांहून अधिक पट होते. कानाला ती पंचेचाळीसपटच वाटते. शेजारच्या मंडळावर मात करण्याच्या ईर्ष्येतील हा खरा घात आहे : दुप्पट दणका हवा तर यंत्रणा दहापट लागते, वर्गणी तीत जाते, आणि पुढच्या वर्षी तोही दणका अपुरा वाटू लागतो.

येथे आपल्या मंडळींना न रुचणारी गोष्टही सांगितली पाहिजे. डीजेऐवजी ढोल-ताशा आणला म्हणजे प्रश्न सुटला, असे नाही. मोठे पथकही अरुंद गल्लीत सहज शंभरी ओलांडते. पारंपरिक वाद्य आहे म्हणून केसपेशी सवलत देत नाहीत. सर्वाधिक मारा तर वादकांच्याच कानांवर होतो, आणि ती बहुधा कोवळी मुले-मुली असतात. सरावाच्या वेळी कानात बोळे घालणे हा भ्याडपणा नव्हे, हे पथकप्रमुखांनीच सांगावे.

उत्सवात रक्तदान शिबिर भरवणारी मंडळे गावोगावी आहेत. त्याच मंडपात यंदा श्रवणचाचणीही ठेवावी : मागवाल्यांची, वादकांची आणि भिंतीसमोर नाचणाऱ्यांची. उत्सवापूर्वी एकदा, आणि विसर्जनानंतर पुन्हा एकदा. दोन्ही नोंदी मंडळाच्या अहवालात, जमाखर्चाच्या शेजारी छापाव्यात.