अंगणवाडी पुन्हा अंगणात यावी

पावसाळा सुरू झाला की मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्या वृत्तपत्रांत येऊ लागतात, हे आता महाराष्ट्राच्या अंगवळणी पडले आहे. १९९३ साली या बातम्यांनी राज्याला हादरा दिला. त्यानंतर विधिमंडळात प्रश्न विचारले गेले, समित्या नेमल्या गेल्या, उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाल्या, मंत्र्यांचे दौरे निघाले आणि योजनांची संख्या वाढत गेली. धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांत आज योजनांचा दुष्काळ आहे, असे कोणालाही म्हणता येणार नाही. तरीही तेथील लहान मुले का दगावतात? या प्रश्नाचे जे उत्तर सर्वांत सोयीचे असते, तेच बहुधा दिले जाते. लोक अडाणी आहेत, अंधश्रद्ध आहेत, दवाखान्यात येत नाहीत, दिलेला आहार खात नाहीत! हे उत्तर सोयीचे अशासाठी की, त्यात सारा दोष घेणाऱ्याच्या पदरी पडतो आणि देणारा नामानिराळा राहतो.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रातील पहिल्या प्रकल्पांत धारणीचा समावेश होता. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास पुढील उपचारांसाठी पाठवणी, मातांचे पोषण-शिक्षण आणि मुलांचे शालापूर्व शिक्षण अशा सहा सेवा एका छपराखाली देण्याची ही कल्पना निःसंशय थोर होती. आज राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. ज्या तालुक्यात ही सेवा अर्धशतक नांदते आहे, तेथेच ती घराच्या उंबरठ्याशी अडखळत असेल, तर सेवा आणि कुटुंब यांना जोडणारा सांधा कोठे निखळला आहे, हे पाहिले पाहिजे.

त्यासाठी ‘अंगणवाडी’ या शब्दाकडेच जावे लागते. हा शब्द सरकारी कचेरीत घडलेला नाही. तो ताराबाई मोडकांनी दिला. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी माँटेसोरी पद्धतीचे काम केले होते. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, तेव्हा गरीब वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, असा अनुभव त्यांना आला. लोक अडाणी आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. मुलांच्या आया तेथेच कामात असत, धाकटी भावंडे तेथेच रांगत असत. परदेशी बनावटीच्या महागड्या साधनांची जागा शिंपले, खडे, बिया आणि पाने यांनी घेतली. पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम करताना, गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून शाळाच कुरणात गेली. ती ‘कुरणशाळा’ म्हणून ओळखली जाते. संस्थेने कुटुंबाच्या दिनक्रमाला जुळवून घ्यायचे असते, कुटुंबाने संस्थेच्या नव्हे, हे या प्रयोगांचे सार होय. राष्ट्रीय योजनेने ताराबाईंचा शब्द घेतला. त्या शब्दामागचा विचार मात्र वाटेतच कोठेतरी सांडला.

मेळघाटापुरते बोलायचे तर पहिला प्रश्न भाषेचा आहे. कोरकू ही मुंडा शाखेतील भाषा. तिचे नाते संथाळी व मुंडारी यांच्याशी आहे, मराठीशी वा हिंदीशी नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ती बोलणारे सात लाखांहून अधिक लोक आहेत. अंगणवाडी सेविका स्थानिक रहिवासी असावी असा नियम आहे आणि अनेक गावी ती कोरकू असतेही. परंतु तिच्या हाती दिलेली पुस्तके, तिचे प्रशिक्षण, तिच्या नोंदवह्या आणि भिंतीवरचे तक्ते मराठीत असतात. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात बदलीवर आलेले डॉक्टर आणि परिचारिका बहुधा बाहेरचे असतात. तापाने फणफणलेले मूल घेऊन आलेल्या आईला त्याचे दुखणे परक्या भाषेत सांगावे लागते आणि उपचारही परक्या भाषेत ऐकावे लागतात. मग ती मान डोलावते, औषधाची पुडी घेते आणि घरी जाते. नोंदवहीत ‘समुपदेशन केले’ अशी नोंद होते. आई मात्र जे जाणून घ्यायला आली होती, ते न कळताच परतलेली असते.

दुसरा प्रश्न अन्नाचा. घरी नेण्यासाठी दिलेल्या आहाराची पाकिटे कित्येक ठिकाणी गुराढोरांपुढे गेल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. अंगणवाडीचा आहार ठेकेदारांकडून घेऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला. त्याला आता दोन दशके लोटली. ज्या मुलखात कुटकी, सावा, ज्वारी पिकते आणि मोहाची फुले वेचली जातात, तेथे दूरच्या यंत्रात तयार झालेली, चवीला अनोळखी अशी भुकटी न्यायची आणि ती कोणी खात नाही म्हणून आश्चर्य करायचे, याला काय म्हणावे? याच्या उलट अनुभवही महाराष्ट्राने घेतला आहे. २०१५ साली आदिवासी भागांत अमृत आहार योजना सुरू झाली. गरोदर व स्तनदा मातांना गावातच शिजवलेले, ताजे, एक वेळचे जेवण द्यावे, अशी तिची रचना आहे. भाकरी, भात, डाळ आणि भाजी यांची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. अंमलबजावणीत उणिवा असतील, परंतु तिची दिशा योग्य आहे. २०२५ मध्ये घरी नेण्याच्या आहारासाठी चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेची सक्ती झाली. गैरव्यवहार रोखण्याचा तो उपाय असेलही. पण लाभार्थीचा चेहरा ओळखू लागलेल्या व्यवस्थेला त्याच्या चुलीची ओळख केव्हा होणार, हा प्रश्न उरतोच.

लोकांच्या रीतीभाती ओळखून उभारलेली सेवा शास्त्राच्या कसोटीवर कमी उतरते, असा एक समज सुशिक्षितांत आहे. गडचिरोलीच्या अनुभवाने तो खोटा ठरवला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे काम सुरू केले. आदिवासींना मोठ्या इमारतींचे भय वाटते, हे त्यांच्याशी बोलून समजल्यावर रुग्णालय झोपड्यांच्या धर्तीवर उभारले गेले. रुग्णासोबत नातेवाइकांना राहता येईल अशी सोय झाली आणि रुग्णालयाला लोकांच्या देवतेचे, माँ दंतेश्वरीचे, नाव मिळाले. अक्षरओळख नसलेल्या सुईणीलाही बाळाचा न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधे उपकरण तयार झाले. त्यात दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा असतो. गावच्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवून त्यांच्या हाती नवजात बालकांची घरोघरी काळजी सोपवली गेली. ३९ गावांतील या प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो अहवाल प्रसिद्ध केला. २०११ पासून देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या नवजात बालकांच्या घरी भेटी देतात, त्यामागे हीच प्रेरणा आहे.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. संस्कृतीचा मान राखायचा म्हणजे प्रत्येक रूढीपुढे मान तुकवायची काय? पोट फुगलेल्या तान्ह्या मुलाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची ‘डंबा’ नावाची प्रथा मेळघाटात आहे. तिचे समर्थन कोणीही विवेकी माणूस करणार नाही. ती थांबलीच पाहिजे. पण ती थांबवायची तर मध्यरात्री आई भुमकाकडे का धावते, हे समजून घ्यावे लागेल. भुमका गावातच राहतो, तिची भाषा बोलतो, कागद मागत नाही, रागावत नाही आणि मुलाला हात लावून पाहतो. हे गुण आरोग्यसेवेत आले, तर भुमकाचा प्रभाव आपोआप ओसरेल. केवळ गुन्हे दाखल केले, तर चटके लपूनछपून दिले जातील आणि भाजलेले मूल दवाखान्यात आणण्याचेही धाडस कोणी करणार नाही. सुधारणेचा आग्रह आणि माणसाचा आदर यांत विरोध नाही, हे महाराष्ट्राला महात्मा फुल्यांच्या काळापासून ठाऊक असावयास हवे.

हा प्रश्न केवळ आदिवासी पाड्यांचा आहे, असेही नव्हे. संस्कृती म्हणजे निव्वळ भाषा आणि सण नव्हेत. कुटुंबाचे कष्ट, त्याचे वेळापत्रक आणि त्याचे स्थलांतर हाही तिचाच भाग आहे. बीड जिल्ह्यातून आणि मराठवाड्याच्या इतर दुष्काळी तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी निघणारी कुटुंबे पाहा. मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायकोचा एक कोयता ठरतो आणि पाच-सहा महिन्यांचा संसार कोपीत मांडला जातो. आई पहाटेच्या अंधारात फडात जाते. अंगणवाडी उघडते ती दिवस वर आल्यावर आणि तीही दूर गावात. तान्हे मूल मग आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते आणि तिची शाळा गावाकडे राहिलेली असते. एका सेवेच्या अभावाने येथे दोन बालपणे करपतात. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत, तिने मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये सांगितले आहे. मोठ्या कारखान्याच्या तळावर एवढी मुले सहज भरतात. पण हंगामापुरत्या वसलेल्या आणि ज्यांचे मत तेथे नाही अशा वस्तीची मागणी कोण लिहून देणार? बांधकामावरील मजुरांच्या मुलांसाठी १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी फिरती पाळणाघरे सुरू केली, तेव्हा आईचे काम जेथे, तेथेच मुलाची सोय, हेच सूत्र त्यांनी धरले होते.

या सर्वांतून निघणाऱ्या मागण्या अवाजवी नाहीत. जेथे घरची भाषा वेगळी आहे, तेथे सेविका किंवा मदतनीस यांपैकी एक तरी ती भाषा बोलणारी असावी आणि आरोग्य केंद्रात दुभाषी मैत्रीण नेमावी. आहार गावात, गावच्या धान्यातून शिजावा. स्थलांतरित बालकाची नोंद त्याच्याबरोबर जावी आणि मुक्कामाच्या गावी कोणतीही विचारणा न होता त्याला वाढले जावे. तळावरील पाळणाघराची वेळ पहाटेच्या पाळीशी जुळावी. लसीकरणाचा आणि तपासणीचा दिवस ठरवताना होळी, आठवडी बाजार आणि पेरणी यांचे भान असावे. बारा कोसांवर भाषा बदलते, प्रत्येकासाठी निराळी योजना कशी आखणार, असा प्रश्न मंत्रालयातून येईल. निराळी योजना नकोच आहे. योजना एकच असू द्या, फक्त तिच्यातील काही निर्णय गावाला घेऊ द्या. पेसा कायद्याखालील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट देण्याची पद्धत महाराष्ट्राने २०१५ पासून स्वीकारली आहे. विश्वास टाकण्याची वाट अशी मळलेली आहे.

हे सारे ज्या सेविकेच्या खांद्यावर उभे राहायचे, ती आज मानधनावर काम करते आणि मुलांपेक्षा नोंदींत अधिक गुंतलेली असते, हेही विसरता येत नाही. तिच्या वेळातील नोंदींचा वाटा कमी झाल्याखेरीज तिला कोणाच्या अंगणात बसायला सवड मिळणार नाही.

या कामात सुशिक्षित वर्गाचाही वाटा आहे. पहिलीच्या वर्गात न बोलणारे मूल मंद नसून त्याला वर्गाची भाषा अपरिचित आहे, हे शिक्षकाने ओळखले तरी त्या मुलाचे आयुष्य बदलते. खिडकीपलीकडच्या लिपिकाने आईला परत न पाठवता तिचा अर्ज स्वतः लिहून दिला, तर एक खेटा वाचतो. अध्यापक विद्यालयांतील विद्यार्थ्यांनी कोरकू, माडिया, पावरी आजींकडून अंगाईगीते आणि गोष्टी उतरवून घेतल्या, तर अंगणवाडीला तिचे खरे पाठ्यपुस्तक मिळेल. ताराबाईंनी दिलेला शब्द आपण देशभर पाट्यांवर रंगवला. त्या पाटीखालून बाहेर पडून सेविकेने कोणाच्या तरी अंगणात जाऊन बसावे, त्या घरच्या भाषेत मुलाची चौकशी करावी आणि तिला तेवढी मोकळीक सरकारने द्यावी, एवढीच या लेखाची मागणी आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी धारणीच्या दहा-वीस गावांत तरी ती पुरी करून पाहण्यास कोणाची हरकत असू नये.