हस्तिदंती लेखणीचे मोल

लेखणी हे साधे साधन खरे; परंतु ती बाळगणाऱ्याची अभिरुची तिच्यातून प्रकट होते. अमेरिका, इंग्लंड आदी देशांत हौसेने लेथवर पेने कातणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे. लाकूड, शिंग, हाड अशा नैसर्गिक वस्तूंतून हे कातारी एकेक पेन हाताने घडवितात. शाई संपताच फेकून द्यावयाच्या पेनांच्या या युगात अशा कारागिरीबद्दल आम्हांला आदरच वाटतो. मात्र त्यांच्यापैकी काही जण हस्तिदंत कातणे हा आपल्या कलेचा कळस मानतात. त्यासाठी ते जी समर्थने पुढे करतात, ती आम्हांला मुळीच मान्य नाहीत.

हे काम अवघड आहे, यात शंका नाही. दंताला भोक पाडताना गिरमिट तापले की तडा जातो; म्हणून गती मंद आणि हत्यार धारदार ठेवावे लागते. पेनाच्या आत पितळी नळी असते व तिच्यावर दंताचे कवच चिकटवितात. पितळ उष्णतेने फुगते, दंत कोरड्या हवेत आकसतो, आणि पूर्ण झालेले पेनही कालांतराने चिरते. एवढे सांभाळून जे हाती येते ते दुधाळ, तुकतुकीत व देखणे असते. त्याचा मोह आम्ही समजू शकतो. परंतु वस्तू देखणी आहे, एवढ्याने ती निर्दोष ठरत नाही.

हत्तीचा सुळा म्हणजे त्याचा दात. त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग कवटीत रुतलेला असतो. तो समूळ हाती यावा म्हणून चोरटे शिकारी हत्तीलाच ठार करतात. १९७९ मध्ये आफ्रिकेत सुमारे तेरा लाख हत्ती होते. दहा वर्षांत ते सहा लाखांच्या आसपास आले. मोझांबिकमधील गोरोंगोसा अभयारण्यात १९७७ ते १९९२ या यादवीच्या काळात सुमारे नव्वद टक्के हत्ती नष्ट झाले. तेथील सुळे नसलेल्या माद्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते. सुळेवाल्या माद्या मारल्या गेल्या, बिनसुळ्यांच्या तेवढ्या वाचल्या. माणसाच्या हव्यासाने एका प्राण्याची घडणच पालटली!

यावर पहिले उत्तर ठरलेले असते : "आमचा दंत जुना आहे. बिलियर्डच्या जुन्या गोट्या, सुऱ्यांच्या मोडक्या मुठी आम्ही वापरतो. तो हत्ती शंभर वर्षांपूर्वीच मेला." हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. पण कातून, घासून, चकाकी देऊन झालेल्या पेनाकडे पाहून त्याचे वय कोण सांगणार? नवा दंत जुन्याच्या नावाने खपतो, तो याच आडोशाने. शिवाय जुन्या दंताला मिळणारी प्रतिष्ठा नव्या दंताचाही भाव चढवीत असते. म्हणूनच इंग्लंडने २०१८ मध्ये कायदा करून काही मोजके अपवाद वगळता हस्तिदंताचा व्यापार, मग तो दंत जुना असो वा नवा, निषिद्ध ठरविला. तो २०२२ पासून अंमलात आला. आपल्या देशाने तर १९८६ मध्ये भारतीय आणि १९९१ मध्ये आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी घातली.

दुसरे उत्तर असे, की हस्तिदंत गेला तर कला मरेल. इतिहासाची साक्ष याच्या उलट आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेत बिलियर्डच्या हस्तिदंती गोट्यांना पर्याय शोधणाऱ्यास दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर झाले. त्या शोधात जॉन वेस्ली हयात यांनी सेल्युलॉइड विकसित केले; आणि विसाव्या शतकात त्याच सेल्युलॉइडची सुंदर पेने निघाली. आपल्याकडे राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी गांधीजींसाठी पेन घडविले, ते एबोनाइटचे, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचे. त्या पेनाला दंताची उणीव कधी भासली नाही. केरळातील हस्तिदंतावर कोरीव काम करणारे कारागीरही बंदीनंतर लाकडाकडे वळले. कला हातात असते, सुळ्यात नव्हे.

तिसरे उत्तर आपल्याच घरातून येण्याचा संभव आहे : "आपल्या पूर्वजांनी तर प्रभू येशूच्या मूर्तीही हस्तिदंताच्या घडविल्या!" होय, घडविल्या. जुन्या गोव्यातील त्या मूर्ती इथल्याच कारागिरांच्या हातच्या आहेत, आणि त्यांसाठी लागणारा दंत मोझांबिकच्या किनाऱ्यावरूनही येत असे. त्या आपला वारसा आहेत. त्या जपाव्यात, कधीही विकू नयेत. परंतु पूर्वजांच्या भक्तीचा दाखला देऊन आपल्या हौसेचे समर्थन करणे हे त्या भक्तीचा अवमान करणे होय. हस्तिदंती पलंगांवर पहुडणाऱ्या श्रीमंतांची आमोस संदेष्ट्याने कशी निर्भर्त्सना केली, हेही आपल्याच पवित्र शास्त्रात आहे. आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात प्रत्येक प्राणिमात्राला देवाच्या दृष्टीने स्वतःचे मोल असल्याचे बजावले आहे.

म्हणून आम्ही आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना आग्रहाने सांगतो : प्रथम ख्रिस्तप्रसाद असो वा गुरुदीक्षेचा सोहळा, लेखणी अवश्य भेट द्या, हाताने घडविलेली असेल तर अधिकच उत्तम. ती शिसवीची असो, शिंगाची असो वा एबोनाइटची असो. हस्तिदंती लेखणी मात्र, कितीही जुनी म्हणून कोणी पुढे केली तरी, घेऊही नका आणि देऊही नका. जिच्यासाठी एक जीव गेला, त्या लेखणीने मुलाने पहिली प्रार्थना उतरवून घ्यावी, हे आपल्याला शोभणारे नाही.