तिसरीचं नाव



घरात तिसरी मुलगी जन्मली की तिला काय म्हणून हाक मारायची, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती आहे. मोर्चे, निवेदनं, कोर्टकचेऱ्या यांच्यापुढे तर अगदीच किरकोळ. पण वस्तीतल्या बैठकांत हा विषय पुन्हा पुन्हा निघतो आणि दर वेळी त्याच्या पोटातून बरंच काही बाहेर पडतं. म्हणून या वेळचं संपादकीय त्याच्यावर.

पहिल्या मुलीचं नाव हौसेनं ठेवलं जातं. दुसरीचं पहिलीला जुळणारं शोधतात. थोरली गोदावरी तर धाकटी कृष्णा, थोरली सुजाता तर धाकटी विशाखा, थोरली नसीम तर धाकटी शमीम. भावंडांची नावं अशी जुळवून ठेवायची हौस आपल्याकडे सगळ्या जातीधर्मांत आहे. तिसऱ्या वेळी मात्र घर मुलाची वाट पाहत असतं. मुलगी झाली की जुळवाजुळव थांबते. बारसं 'बघू पुढं' म्हणून लांबतं. जन्माच्या नोंदीत नावाची जागा कोरी राहते, अंगणवाडीच्या वहीत 'बेबी' लिहिलं जातं आणि बेबी शाळेच्या वयाची झाली तरी बेबीच राहते. काही घरांत नाव ठेवलं जातं, पण ते असतं नकुशी.

यावर कुणी म्हणेल, वाईटसाईट नावं ठेवायची पद्धत जुनीच आहे. खरं आहे. ज्या घरात मुलं जगत नसत, तिथं पुढच्या मुलाला दगडू, धोंडू म्हणत. मूल दगडासारखं टिकावं, त्याला कुणाची दृष्ट लागू नये, म्हणून. त्यात अंधश्रद्धा होती, पण पोटचं मूल जगावं ही तळमळही होती. नकुशीचा अर्थ उलटा आहे. ही झाली ती झाली, आता पुढचा मुलगा होऊ दे, असं देवाला सांगण्यासाठी हे नाव ठेवतात. म्हणजे हाक मुलीला मारायची आणि नवस मुलाचा बोलायचा. दिवसातून पन्नास वेळा ती पोर हे ऐकते.

सातारा जिल्ह्यात 22 ऑक्टोबर 2011 रोजी अशा 285 मुलींना एका समारंभात नवी नावं देण्यात आली. एका जिल्ह्यात 285! त्या कार्यक्रमाचं मोल कमी नाही. आपलं नाव ही आपली चूक नव्हती, हे त्या मुलींना चारचौघांत सांगितलं गेलं. पण समारंभात दाखला मिळतो, गल्लीतली हाक बदलायला वेळ लागतो, आणि ज्या मनातून ते नाव आलं ते मन बदलायला त्याहून जास्त.

आणि ते मन फक्त खेड्यात राहतं असं समजायचं कारण नाही. शिकलेल्या घरांत तेच काम सभ्य नावांनी होतं. तिसरीचं नाव 'तृप्ती' किंवा 'समाप्ती' ठेवलं की काय सुचवायचंय ते पाहुण्यांना बरोबर कळतं. तृप्ती हे नाव वाईट नाही. ते पहिलीच्या वेळी का आठवलं नाही, एवढंच विचारायचं. हरियाणातली कुस्तीगीर अंतिम पंघाल हिचं नावही असंच पडलं. मुलींवर मुली झाल्या, आता ही शेवटची ठरो, म्हणून 'अंतिम'. 2022 मध्ये वीस वर्षांखालच्या जागतिक कुस्ती स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली भारतीय मुलगी ठरली. तिनं त्या नावाचा अर्थच फिरवून टाकला. पण प्रत्येक मुलीनं आपलं नाव धुऊन काढायला सुवर्णपदक आणायचं का?

नावाचा आणि जिवाचा संबंध किती जवळचा आहे ते जनगणनेत दिसतं. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 1991 मध्ये 946 मुली होत्या, 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध आपल्या राज्याचा कायदा 1988 चा, केंद्राचा 1994 चा. दोन्हींसाठी चळवळीनं रस्त्यावर येऊन भांडण केलं आहे. कायदा सोनोग्राफीच्या खोलीपर्यंत पोचतो. पाळण्यापर्यंत पोचायला मात्र आपल्यालाच जावं लागतं. जन्माला येऊ दिलेल्या मुलीला नकोशी म्हणणं हा त्याच रोगाचा सौम्य प्रकार आहे, आणि सौम्य म्हणून आपण तो चालवून घेतो.

आता नाव ठेवतं कोण, तेही बघू या. हिंदू घरांत बाराव्या दिवशी बारसं. पंचांगातून अक्षर निघतं, घरातली वडील माणसं नाव ठरवतात, आत्या बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करते. पाळण्याभोवती सगळ्या बायकाच असतात. तरी जिनं नऊ महिने वागवलं तिला काय वाटतं, हे विचारायची रीत या सगळ्यात कुठंच नाही. तिचं स्वतःचं नाव तरी कुठं शाबूत असतं? लग्नात ताटभर तांदळात नवऱ्यानं बोटानं नवं नाव लिहिलं की जुनं संपलं. जिचं नाव पुसलं गेलं, तिनं लेकीच्या नावावर हक्क सांगायचा तो कुठल्या जोरावर?

आमच्या एका वस्तीतल्या बाईनं तो सांगितला. तिचं नाव इथं देत नाही, मुलींचीही देत नाही. थोरल्या दोघींची नावं नद्यांची आहेत, एवढं पुरे. तिसरी झाली आणि सासरी सगळे गप्प बसले. दोन महिने झाले तरी बारसं नाही. सासू म्हणाली, "बेबी म्हणा, चालतंय की." गटाच्या बैठकीत ती बाई म्हणाली, "ताई, मला काय लई मोठं नको. दोघी बहिणींच्या रांगेत हिला बसवायची हाय. हिला रांगेतनं उठवली तर ही जलमभर उभीच राहील."

त्यावर आमच्यात चर्चा झाली, थोडी गरमागरमीही झाली. काही मैत्रिणींचं म्हणणं, नद्यांची, देवींची नावं म्हणजे पुन्हा तीच परंपरा. नवं, अर्थपूर्ण, जात न दाखवणारं नाव का नको? दुसऱ्या एकीनं आठवण करून दिली की हीच नावं दलित वस्तीत सरळ उच्चारलीही जात नसत. वरच्या आळीत कृष्णाबाई आणि खालच्या आळीत किसनी, वरच्या आळीत गोदावरी आणि खाली गोदी. म्हणूनच 1956 च्या धर्मांतरानंतर बौद्ध घरांनी यशोधरा, सुजाता, विशाखा ही नावं निवडली. ती नावंही जुनीच होती, पण निवड स्वतःची होती.

मला वाटतं, उत्तर इथंच आहे. नाव जुनं की नवं, हा खरा प्रश्न नाही. ते कुणी निवडलं आणि काय म्हणून निवडलं, हा आहे. परंपरेनं त्या तिसरीला बाहेर ठेवलं होतं आणि तिची आई त्याच परंपरेतलं नाव मागून तिला आत आणत होती. आपल्याला ते नाव फारसं क्रांतिकारक वाटलं नाही, तरी तिची मागणी समानतेचीच होती. पहिलीला जे मिळालं तेच तिसरीला.

आणि जुळणाऱ्या नावांचं आपल्या भाषेतलं सगळ्यात मोठं उदाहरण कोणतं? निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. आळंदीच्या ब्रह्मवृंदानं वाळीत टाकलेल्या घरातली ही चार भावंडं. धाकटी मुलगी आहे म्हणून ओळ तुटलेली नाही. उलट त्या नावांच्या अर्थाची वाट तिच्यापाशीच पूर्ण होते. ताटीच्या अभंगांत रुसलेल्या ज्ञानदेवांना समजावणारी हीच धाकटी. पुढे 1855 मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मांग समाजातल्या एका मुलीनं 'ज्ञानोदया'त निबंध लिहून पेशवाईतल्या जुलमाचा जाब विचारला. तिचंही नाव मुक्ताच. जुनं नाव नव्या तोंडी गेलं की ते असं चालतं.

त्या बाईनं अखेर नाव निवडलं ते तिच्या माहेरच्या गावाशेजारून वाहणाऱ्या नदीचं. नकाशात ती जेमतेम रेघेएवढी आहे. सासूनं कुरकुर केली. नवरा आधी गप्प होता, मग जन्मनोंदीच्या कचेरीत स्वतः अर्ज घेऊन गेला. तिथल्या कारकुनानं विचारलं, "मुलीचंच ना, एवढी काय घाई?" घाई होती, कारण आधीच उशीर झाला होता.

म्हणून कामाच्या काही गोष्टी. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. त्या वेळी नाव ठरलं नसेल तर नोंदणीपासून वर्षभरात ते विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे शासकीय कागदपत्रांत आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव लिहायचं आहे. म्हणजे कागदावर आता लेकीच्या नावाला लागून आईचं नाव येतं. तिथं 'बेबी' लिहू द्यायचं नाही. आणि लग्नानंतर नाव बदलायची सक्ती कुठल्याही कायद्यात नाही, हेही बायकांना ठामपणे सांगा.

गटांनी एवढं करावं. आपल्या भागातल्या अंगणवाडीताईंच्या सोबतीनं बेबी, नकुशी अशा नोंदी शोधाव्यात. मुलगी लहान असेल तर आधी तिच्या आईशी बोलावं. मुलगी मोठी असेल तर तिलाच विचारावं, तुला काय म्हणायचं? आपण सुचवावं, पण ठरवू नये. नाहीतर नाव ठेवणारी आत्या फक्त बदलायची.

तुमच्याकडे काय घडतं ते कळवा. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या मुलींची नावं कशी ठेवली गेली, कुणी ठेवली आणि कुणी बदलून घेतली, ते पुढच्या अंकात आपण मुलींच्या आणि त्यांच्या आयांच्या शब्दांत छापू.