बाहुल्यांनी नरसंहार दाखवायचा?

"बाहुल्यांच्या खेळात नरसंहार? ही तर मेलेल्यांची थट्टा," आमच्या स्टाफरूममधले एक सर म्हणाले. मी विल्यम केंट्रिज यांच्या 'ब्लॅक बॉक्स'बद्दल सांगत होते. सरांचे म्हणणे मला अजिबात मान्य नाही.

जोहान्सबर्गच्या या चित्रकाराने २००५ मध्ये बर्लिनच्या एका कलादालनासाठी छोटासा रंगमंच बनवला. त्यावर नट नाहीत, यंत्रावर सरकणाऱ्या आकृत्या आहेत. त्यांच्यावर कोळशाच्या चित्रांचे अ‍ॅनिमेशन पडते. फिलिप मिलर यांच्या संगीतात नामिबियातली गाणी आणि मोत्झार्टच्या 'मॅजिक फ्लूट'चे सूर मिसळतात. मी हे फक्त चित्रफितीत पाहिले, तरी रात्री झोप लागली नाही.

विषय आहे आजच्या नामिबियात जर्मन सत्तेने १९०४ ते १९०८ या काळात केलेला हेरेरो आणि नामा लोकांचा संहार. हेरेरोंना ओमाहेकेच्या वाळवंटात हाकलून पाणवठे अडवले. २ ऑक्टोबर १९०४ला जनरल फॉन ट्रोथाचा हुकूम निघाला: हेरेरो दिसला की गोळी घाला, हाती बंदूक असो वा नसो. मेलेल्यांच्या कवट्या मोजमापासाठी जर्मनीला गेल्या.

म्हणूनच त्या मंचावर एक पात्र आहे कर्कटक. होय, आपल्या मुलांच्या कंपासपेटीत असते तेच. भव्य ऐतिहासिक सिनेमात खलनायक डोळे वटारतो, रक्त उडते आणि प्रेक्षक कुणावर तरी दात-ओठ खात बाहेर पडतो. कर्कटकावर राग कसा काढणार? 'मॅजिक फ्लूट'मधला सारास्त्रो अंधारातून उजेडाकडे नेणारा ज्ञानी. वसाहतवाले स्वतःला तसेच समजत. मारणारे अडाणी नव्हते, शिकलेले होते. शिक्षण म्हणजे उजेड, हे सांगण्याचा पगार घेणाऱ्या माझ्यासारखीला ते टोचणारच.

खेळात भोंगा धरलेला एक माणूस 'ट्राउअरआर्बाइट' अशी पाटी मिरवतो. फ्रॉइडचा शब्द आहे. अर्थ, शोकाचे काम. मातम हे काम असते, निव्वळ रडणे नव्हे.

दालन एका जर्मन बँकेच्या भागीदारीतले होते, हा आक्षेप मी ऐकून घेईन. २०२१ मध्ये जर्मनीने नरसंहार कबूल केला, तीस वर्षांत १.१ अब्ज युरो देऊ म्हटले, पण 'नुकसानभरपाई' हा शब्द टाळला. हेरेरो आणि नामांच्या अनेक प्रतिनिधींनी ते नाकारले. सरांना थट्टा शोधायचीच असेल, तर ती तिथे शोधावी.