आजोबांच्या बंदुकीला कोणता दस्ता लावायचा?

या सदरात आपण पितळी भांडी, पैठण्या, जुनी घड्याळं असं बरंच काही जपलं. या वेळचा वारसा जरा वेगळा आहे. तुमच्या घरी आजोबा-पणजोबांची परवान्याची बंदूक असेल, तर पुढचं नीट वाचा. नसेल तरी वाचा, कारण जुनी वस्तू दुरुस्त करताना घरोघरी होणारा वादच यातही आहे.

तंजावूरच्या आमच्या घरी आजोबांची, म्हणजे आईच्या वडिलांची, विंचेस्टर मॉडेल 12 आहे. 1912 ते 1964 या काळात अमेरिकेत बनलेली ही पंप-अ‍ॅक्शन बंदूक. नळीखालचं लाकूड मागे ओढलं की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकललं की नवं आत बसतं. थंडीत कावेरीच्या भातशेतात उतरणारे पाणलावे आणि कोडियाक्कराईकडची बदकं, एवढ्यासाठी आजोबा ती वापरत. 1967 मध्ये कोडियाक्कराई अभयारण्य झालं, 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि बंदूक कपाटात गेली. आता परवाना मामांच्या नावावर आहे. त्यांना क्लबमध्ये मातीच्या उडत्या तबकड्यांवर नेम धरायचा आहे. पण दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागाला, हाताने धरतो तिथेच तडा गेलाय.

मामा म्हणाले, "नवाच बसवू या. कोणता, ते तू शोध." कंटेंट रायटर भाचीला घरात हीच कामं मिळतात.

तर दस्त्याची पकड मुख्यतः तीन तऱ्हांची असते. पहिली सरळ, इंग्रजी पद्धतीची. ती दोन नळ्यांच्या, दोन चापांच्या बंदुकीला शोभते, कारण पुढच्या चापावरून मागच्या चापावर जाताना हात सहज सरकावा लागतो. पंप बंदुकीला चाप एकच, म्हणून तो फायदा इथे नाही. दुसरी पिस्तुलासारखी खाली वळलेली. डावा हात लाकूड मागेपुढे ओढत असताना उजव्या हाताला बंदूक घट्ट धरावी लागते, आणि ते या वळणामुळे जमतं. तिसरी या दोन्हींच्या मधली, अर्धवट वळणाची. दिसायला मला तीच आवडते, पण माझ्या आवडीला इथे कोण विचारतं!

खरं महत्त्व पकडीपेक्षा मापाला आहे. या बंदुकीला मागे नेम धरायची खाच नसते. तुमचा डोळाच ते काम करतो, आणि डोळा कुठे येईल हे गाल टेकतो त्या वरच्या कडेवर ठरतं. कड उंच असेल तर छर्रे वर जातात, खाली असेल तर खाली. जुन्या दस्त्यांची कड बऱ्याचदा जास्त उतरती असते, तर तबकड्यांचे नेमबाज उंच कड पसंत करतात. म्हणजे मामांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दुसरं माप चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतच्या लांबीचं. मोठ्या माणसाला साधारण 14 इंच लागतात.

ही लांबी मोजली आणि वाद फिरला. आमची भरली जेमतेम 13. टोकाची पट्टी काढून पाहिली तर आत करवतीच्या खुणा! कधीतरी कुणीतरी दस्ता कापून आखूड केला होता. आजीला विचारलं तर ती म्हणाली, "ते माझ्याहून दोन बोटंच उंच होते. खांद्याला बसत नाही म्हणून कापून घेतला."

मामा सहा फुटी आहेत. त्यांनी बंदूक खांद्याला लावून पाहिली, खाली ठेवली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

आपल्या गावाला या बाबतीत जुना अनुभव आहे. 1855 मध्ये दुसरे शिवाजीराजे वारले, कंपनीने राज्य खालसा केलं. पुढे राजवाड्यातल्या शस्त्रागारातली निवडक हत्यारं मद्रासच्या संग्रहालयात गेली. उरलेली बरीचशी मोडून धातूच्या भावाने विकली गेली. ती कुणाच्या हातात बसत होती, हे आता कसं कळणार? जुना दस्ता फेकून देण्याच्या मी विरुद्ध गेले ती यामुळेच.

तडा बहुतेक वेळा का जातो, तेही सांगते. बंदूक वर्षानुवर्षं नळी वर करून उभी ठेवली की यंत्रातलं तेल झिरपून लाकडात मुरतं आणि ते लाकूड कमजोर होतं. तेल कमी घाला, आणि जमल्यास नळी खाली करून ठेवा. आमच्याकडे ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाची दमट हवा असते, तेव्हा लाकूड फुगतं तेही वेगळंच. अशा हवेत प्लास्टिकचा दस्ता जास्त टिकतो हे खरं, पण या बंदुकीवर तो मला बघवणार नाही.

शेजारच्या काकांनी सुचवलं, वीणा करणाऱ्या सुताराकडून फणसाच्या लाकडाचा करून घ्या. कल्पना गोड आहे, पण नको. दस्त्याला बहुतेक अक्रोडाचं लाकूड वापरतात. ते फार जड नसतं, धक्का सोसतं, आणि पकडीच्या जागी त्याचे रेषे लांबीच्या दिशेने धरावे लागतात. शिवाय 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना नसलेल्या कारागिराने बंदूक दुरुस्तही करायची नसते. तुमच्याकडे वारशाने बंदूक आली असेल आणि परवाना अजून नावावर नसेल, तर आधी ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. 2019 च्या दुरुस्तीनंतर वारशाची धरूनही एका माणसाकडे दोनच बंदुका राहू शकतात.

शेवटी ठरलं ते असं. परवानाधारक कारागीर तेल शोषून काढेल, तडा चिकटवेल, आत खीळ बसवेल. तोवर एकही बार काढायचा नाही, तडकलेला दस्ता धक्क्याने फुटून हाताला लागू शकतो. लांबी वाढवायला टोकावर चढवायची चामडी टोपी घ्यायची, आणि कड उंच करायला वरून बांधायची चामडी गादी. दोन्ही काढता येतात, लाकडाला एकही भोक पडत नाही.

मामांना पिस्तुलासारख्या वळणाचा चकचकीत दस्ता अजून खुणावतोय. घ्या म्हटलं, पण वेगळा. यंत्रापासून दस्ता एका लांब बोल्टने सुटतो, तो कारागीर बदलून देईल. जुना मात्र आजीच्या ट्रंकेत ठेवायचा. आजीने ट्रंकेतली जागा आधीच रिकामी केली आहे.