विश्लेषण : जागा निघाल्याचे कळते कुणाला?

शेंद्रा एमआयडीसी किंवा ऑरिकमध्ये काम शोधणारा तरुण पहिला फोन कुणाला करतो? गाववाल्याला, आयटीआयच्या मित्राला किंवा रूम पार्टनरला. म्हणजे संधी कुणाला मिळणार, हे बऱ्याचदा जाहिरातीआधीच, कुणाची कुणाशी ओळख आहे यावर ठरते.

ओळखी कशा जुळतात?

साधारण तीन कारणांनी. माणूस आपल्यासारख्याकडे ओढला जातो. जो रोज दिसतो त्याच्याशी बोलतो. आणि मित्राचा मित्र सहज मित्र होतो. यातील पहिल्या प्रवृत्तीला लाझार्सफेल्ड आणि मर्टन या समाजशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये ‘होमोफिली’ असे नाव दिले. समाजमाध्यमेही तोच कित्ता गिरवतात. ‘यांना ओळखत असाल’ म्हणून पुढे येणारी नावे बहुधा समान मित्र असलेल्यांचीच असतात.

यात बिघडले कुठे?

उत्तर मुंबईच्या दादरमध्ये सापडते. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झवाइग या अर्थतज्ज्ञांनी तेथील मराठी कुटुंबांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. कामगार जातींतील पुरुषांना जातीच्या ओळखीतून पारंपरिक कामे मिळत. त्यामुळे इंग्रजी येणाऱ्यांचे पगार वाढू लागल्यावरही मुलगे मराठी माध्यमातच जात राहिले. मुलींना या ओळखींचा आधार नव्हता; त्यांनी इंग्रजीची वाट धरली आणि नव्या संधी पकडल्या. आधार देणारे जाळेच पाय अडकवतेही.

मग उपयोगी ओळख कोणती?

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये ‘दुबळ्या धाग्यां’चे बळ दाखवले. जिवलग मित्रांना जे माहीत असते, ते बहुतेक आपल्यालाही माहीत असते. नवी बातमी तोंडओळखीच्या माणसाकडून येते. लिंक्डइनच्या २ कोटींहून अधिक वापरकर्त्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आले. नोकरी बदलण्यास सर्वाधिक मदत ना जिवलगांची झाली, ना अगदी अनोळखींची. ती झाली थोडेफार समान मित्र असलेल्या, मधल्या ओळखींची.

शेंद्र्यात काय व्हावे?

शेंद्रा-बिडकीन मिळून ऑरिक सुमारे १० हजार एकरांवर उभे राहत आहे. तिथली कामे केवळ ‘आपल्या माणसां’च्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये फिरली, तर ज्याचा कुणी आत नाही तो बाहेरच राहील. त्यात पहिल्यांदाच कारखान्यात काम शोधणाऱ्या मुली आणि आसपासच्या गावांतील तरुण आले.

तरुणांनी दुसऱ्या विभागातील, दुसऱ्या तालुक्यातील एखादी ओळख मुद्दाम जोडावी, टिकवावी. पण सगळा भार त्यांच्यावर टाकणे योग्य नाही. कंपन्या आणि कंत्राटदारांनी प्रत्येक जागा आयटीआयच्या फलकावर आणि रोजगार मेळाव्यात जाहीर केलीच पाहिजे. ओळख असणे गुन्हा नाही. पण ओळख नसणे ही अपात्रता ठरू नये.