नव्या फळ्यावर आमच्या मुलांचा हात पडलाच पाहिजे

शाळाशाळांतून हल्ली नव्या साधनांचे वारे वाहत आहे. खडूच्या फळ्याची जागा स्पर्शाने चालणारा स्मार्ट बोर्ड घेत आहे. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापलेला असतो आणि तो मोबाईलने टिपताच धडा चित्रांसह बोलू लागतो. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि जिल्हा परिषदेच्या शाळाही पुढे ‘डिजिटल’ म्हणवून घेऊ लागल्या. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. ज्या कार्याबद्दल त्यांचा गौरव झाला त्यात पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देण्याची खटपटही होती. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु धम्म स्वीकारलेल्या आमच्या कुटुंबांनी या झगमगाटाने दिपून न जाता एकच प्रश्न विचारला पाहिजे : या नव्या फळ्यावर हात कोणाचा पडतो?

हा प्रश्न आमच्या समाजाला नवा नाही. परमपूज्य बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत शिकत असता त्यांना घरून नेलेल्या गोणपाटावर इतर मुलांपासून दूर बसावे लागे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्यांना गणित सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे उचलण्यासाठी सवर्ण मुलांची धावपळ उडाली, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नमूद केले आहे. त्या वर्गात फळा होता, खडू होता, शिक्षकही बोलावीत होते. उणीव साधनाची नव्हती; उणीव माणुसकीची होती. ज्या समाजाच्या इतिहासात फळ्यापर्यंतची चार पावले हा एक संग्राम ठरला, त्या समाजाने वर्गात नवे यंत्र आले एवढ्यावरच समाधान मानणे म्हणजे आपला इतिहास विसरणे होय.

काही शहाणे असेही म्हणतात की, गरिबाच्या मुलांना ही चैन कशाला? त्यांना पाटी-पेन्सिल पुरे! असे म्हणणाऱ्यांची स्वतःची मुले मात्र कोणत्या शाळेत जातात, हे पाहण्यासारखे असते. मार्च २०२०मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईलवर आले. ज्या घरात एकच फोन होता आणि तोही कमावत्या माणसाबरोबर कामावर जात होता, त्या घरातील मुलांची शाळा खऱ्या अर्थाने बंद पडली. काल आम्हाला गावकुसाबाहेर ठेविले होते. उद्या पडद्याबाहेर ठेवतील. म्हणून नवे साधन आमच्या मुलांना नको, असे म्हणणारा मनुष्य आमचा हितचिंतक नव्हे, मग तो कितीही गोड बोलो.

दुसरा वर्ग यंत्रपूजकांचा आहे. स्मार्ट बोर्ड आला की त्याला हार घालावयाचा, नारळ फोडावयाचा, पुढाऱ्यांसह छायाचित्र काढावयाचे आणि शिक्षणात क्रांती झाली अशी घोषणा करावयाची! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर ज्यांनी बावीस प्रतिज्ञांचा मार्ग धरिला, त्यांच्या वारसांना यंत्राची पूजाही मान्य होता कामा नये. यंत्र हे वापरावयाचे असते. वीजबिल थकले म्हणून ते बंद पडले असेल, किंवा मोडेल या भीतीने ते कुलपात ठेविले असेल, तर ते यंत्र नसून भिंतीची शोभा आहे. आणि ते चालू असले तरी मुलांनी हाताची घडी घालून पडद्याकडे नुसते पाहत बसावयाचे असेल, तर पोथी ऐकणे आणि हे यात फरक काय? पोथी सांगणारा प्रश्न विचारू देत नसे. पडदाही विचारू देत नाही.

तथागतांची शिकविण्याची रीत याच्या अगदी उलट होती. केवळ परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, असा उपदेश त्यांनी कालामांना केला. नागसेन स्थविरांना मिलिंद राजाने प्रश्नामागून प्रश्न विचारले आणि स्थविरांनी त्याचे समाधान केले; त्या संवादातून ‘मिलिंद पञ्ह’ हा ग्रंथ झाला. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत जे महाविद्यालय काढले, त्याला या मिलिंदाचे नाव मिळाले आणि त्याच्या परिसराला नागसेनवन म्हणतात. उत्तर देणाऱ्याइतकाच प्रश्न विचारणाराही तेथे सन्मानित झाला आहे. बौद्धाच्या दृष्टीने शिक्षणाची हीच कसोटी आहे.

या कसोटीला उतरणारे साधन महागच असले पाहिजे असे नाही. ‘प्लिकर्स’ नावाच्या पद्धतीत प्रत्येक मुलाच्या हाती कागदावर छापलेले एक कार्ड असते. त्याच्या चार बाजू म्हणजे चार उत्तरे. शिक्षक प्रश्न विचारतो, मूल आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरते, शिक्षक आपला मोबाईल वर्गावरून फिरवितो आणि प्रत्येकाचे उत्तर नोंदले जाते. मुलाजवळ फोन नको, टॅब नको. आणि शेजाऱ्याच्या कार्डावरून त्याचे उत्तर सहज ओळखताही येत नाही. शेवटच्या बाकावरचे भिडस्त मूल, ज्याचा हात कधी वर होत नव्हता आणि झाला तरी ज्याच्याकडे कोणी पाहत नव्हते, तेही त्या यादीत आले. अर्ध्या वर्गाचे उत्तर चुकले तर शिक्षकाने मुलांना आपापसांत चर्चा करू द्यावी व तोच प्रश्न पुन्हा विचारावा. येथे यंत्र पडद्यामागे राहते आणि मूल बोलू लागते. मात्र एक सावधगिरी अवश्य हवी. चुकलेल्यांची नावे आडनावांसह पडद्यावर झळकू लागली, तर हेच साधन अपमानाचे साधन होईल. ती यादी शिक्षकापाशीच राहिली पाहिजे.

आता दोन शब्द आपल्याच घरांविषयी. मुलाच्या हाती मोबाईल दिला की आपले कर्तव्य संपले, असे मानणारे मातापिता आपल्यातही आहेत. पडद्यावर बोट फिरविणे म्हणजे शिकणे नव्हे. आज तू वर्गात कोणता प्रश्न विचारलास, असे संध्याकाळी मुलाला विचारण्यास पैसा लागत नाही.

बंधूभगिनींनो, हा याचनेचा विषय नाही. २००९ सालचा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून अमलात आहे. दुर्बल व वंचित घटकांतील मुलांशी शाळेत भेदभाव होऊ नये, याची जबाबदारी त्याने शासनावर टाकली आहे. सरकारी व जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व मिळाले पाहिजे, असे तो सांगतो. शाळेच्या कारभारावर व अनुदानाच्या विनियोगावर देखरेख करणे हे त्याच समितीचे काम आहे. तेव्हा आपल्या वस्तीतील माताभगिनींनी त्या समितीत गेले पाहिजे आणि सभेत उभे राहून विचारले पाहिजे : बोर्ड चालू आहे काय? कोणत्या वर्गात, किती वेळ? गेल्या आठवड्यात त्याच्यापाशी कोणकोणती मुले गेली? आमची किती?

या प्रश्नांची उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. बाबासाहेब त्या फळ्यापर्यंत चालत गेले, म्हणून आज आपण हा प्रश्न विचारू शकतो. आपली मुले नव्या फळ्यापर्यंत जातात की नाही, हे पाहणे आता आपल्यावर आहे.

जय भीम!